गाऊजला धार लावता लावता गाऊजच संपत चालली – मदत हवी

वाटीवेडा

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत हौसेनं लाकूड कातायचा छोटा लेथ घेतला. सोबत सहा हत्यारांचा संच आला. दोन गाऊज (खोलगट पात्याची पटाशी), एक स्क्यू (तिरक्या तोंडाची पटाशी), एक पार्टिंग (लाकूड छाटायचं) आणि दोन स्क्रेपर (खरवडायचे), सगळ्यांवर 'एचएसएस' म्हणजे हाय स्पीड स्टील असा शिक्का. सोसायटीतलं आंब्याचं झाड पावसात पडलं होतं, त्याचे ओंडके माळीकाकांकडून मागून ठेवले होते. त्यांच्या वाट्या करायला घेतल्या. पहिले तीन आठवडे स्वर्ग! लांबच लांब ढलप्या निघायच्या. बायको म्हणायची, शेवयांचा कारखाना काढलाय.

मग शेवया बंद झाल्या आणि नुसता भुसा यायला लागला. वाटी फिरवून बघितली तर समोरासमोरच्या दोन बाजू गुळगुळीत आणि उरलेल्या दोन बाजूंना कुत्र्यानं चावल्यासारखं लाकूड उपटलेलं. धार गेली हे कळलं, म्हणून पुण्यातल्या बोहरी आळीतून सहा इंची ग्राइंडर आणला आणि बसलो.

इथून पुढची कहाणी करुण आहे. गाऊजच्या तोंडाची डावी बाजू खोल गेली, उजवी उंच राहिली, मधे पोपटाची चोच. चोच घालवायला उजवी घासली, ती जास्त गेली, मग पुन्हा डावी. माकडानं मांजरांना लोणी वाटून दिलं ना, तसं. आज पट्टी लावली तर गाऊज १८ मिलिमीटर कमी भरली. वर टोक चांगलं निळंशार झालंय.

निळं झालं म्हणजे पाणी उतरलं, पोलादाचा कडकपणा गेला का? आणि हे धार लावणं माणसं नक्की शिकतात कसं? व्हिडिओ पाहिले, त्यात सगळे सात सेकंदांत धार लावून मोकळे होतात.

शंकासूर

१८ मिमी म्हणजे रांगोळी काढण्याइतकं पोलाद झालं की! (हलके घ्या.) माझाही हाच प्रश्न आहे, फक्त मी अजून ग्राइंडर घ्यायचं धाडस केलेलं नाही. बसतो इथेच.

टूलरूमवाला

भोसरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, निवृत्तीनंतर लाकडाकडे वळलो. तेव्हा धातूची बाजू मी सांगतो, लाकडाची इतर मंडळी सांगतील.

आधी निळ्याची भीती घालवू. शिक्का खरा असेल तर काही झालेलं नाही. हाय स्पीड स्टीलला पाणी दिल्यावर साडेपाचशे अंशांच्या आसपास टेम्पर करतात (ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा तापवतात), निळा रंग त्याच्या बराच आधी दिसायला लागतो. जुनी कार्बन स्टीलची पटाशी अशी निळी झाली असती तर मात्र तेवढं टोक मेलं म्हणायचं. ती फिकट पिवळी पडायच्या आतच थांबायचं असतं.

शिक्क्यावर विश्वास नसेल तर ठिणग्या बघा. कार्बन स्टीलची ठिणगी पांढरट-पिवळी, फुलबाजीसारखी फुटते. एचएसएसची ठिणगी मंद, केशरी-लालसर, फारशी फुटत नाही, नुसती रेघ ओढून विझते. घरातली जुनी कानस आणि तुमची गाऊज एकामागोमाग टेकवून बघा, फरक लहान मूलही सांगेल.

अजून एक. कार्बन स्टील दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. एचएसएस तापलेलं असताना बुडवू नका, धारेला डोळ्यांना न दिसणारे तडे जाऊ शकतात. हवेत निवू द्या.

आता १८ मिलिमीटरचं. तुम्हाला लावायची होती धार आणि तुम्ही बदलत बसलात आकार. ही दोन वेगळी कामं आहेत. धार गेलेल्या हत्याराचं फार तर दाढीच्या ब्लेडच्या जाडीइतकं पोलाद जायला हवं, म्हणजे ०.१ मिलिमीटर. व्हिडिओतले लोक सात सेकंदांत उठतात ते हुशार आहेत म्हणून नव्हे. त्यांचा आकार आधीच बसलेला असतो.

ग्राइंडरच्या पाटीवर आरपीएम किती आहे? आणि दगडावर चिकटवलेल्या कागदावर काय छापलंय?

वाटीवेडा

पाटीवर २८५०. दोन्ही दगड करडे. एकावर 'ए ३६ क्यू ५ व्ही', दुसऱ्यावर 'ए ६० पी ५ व्ही'. ठिणग्या पाहिल्या, केशरी रेघा, फुटत नाहीत. जीव भांड्यात पडला!

टूलरूमवाला

मग अर्धा दोष दगडाचा.

'ए' म्हणजे साधं अॅल्युमिनियम ऑक्साइड. ३६ आणि ६० हा कणांचा जाडेपणा. पुढचं अक्षर महत्त्वाचं: दगड कण किती घट्ट धरून ठेवतो ते. ए पासून झेडकडे जाल तसा दगड कठीण. नवख्याला वाटतं की कठीण पोलादाला कठीण दगड लागणार. उलटं आहे. कठीण पोलाद दगडाचे कण लवकर बोथट करतं, तेव्हा बोथट कण सुटून खालचा ताजा कण वर यायला हवा, म्हणून दगड मऊ हवा. तुमचा क्यू बोथट कणांना सोडतच नाही. दगड चकचकीत होतो, कापत नाही, घासत राहतो आणि तापवतो. मग माणूस जोर लावतो. जोर लावला की चोच तयार.

पांढरा दगड आणा, ८० कणांचा, जे किंवा के ग्रेडचा. कागदावर 'डब्ल्यूए ८० के' असं काहीतरी दिसेल. तो लवकर झिजेल, कुरकुर करू नका, त्याचं कामच ते आहे. हिरवा दगड कुणी गळ्यात मारला तर घेऊ नका, तो कार्बाइडच्या अतिकठीण पात्यांसाठी असतो. सोबत एक हिऱ्याचा ड्रेसर घ्या. दगड चमकायला लागला किंवा त्यात खाच पडली की हलक्या हातानं त्याचं तोंड सपाट करायचं.

वेगाचं म्हणाल तर आपल्याकडे ५० हर्ट्‌झवर दोन पोलची मोटर २८०० च्या घरात फिरते, चार पोलची १४४० ला. आठ इंची, १४४० चा ग्राइंडर नवशिक्याला बरा. चुका तशाच होतात पण निम्म्या वेगानं होतात. मात्र आहे तो फेकू नका, पांढऱ्या दगडावर हाच चालेल.

नवा दगड बसवण्याआधी त्याच्या भोकात बोट घालून तो लटकता धरा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोका. 'टण्ण' वाजला पाहिजे. 'थप' वाजला तर तडा आहे, दुकानदाराला परत करा. दगडाच्या दोन्ही अंगांचे कागद काढायचे नाहीत, ते शोभेचे नाहीत. दगडावर छापलेला कमाल वेग तुमच्या मोटरपेक्षा जास्त असल्याची खात्री करा. पहिल्यांदा सुरू करताना समोर उभं राहायचं नाही, बाजूला सरून एक मिनिट रिकामा फिरू द्यायचा. टूलरेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) आणि दगडात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवायची नाही. दगड फुटलेला मी एकदा पाहिलाय. शेडच्या पत्र्याला पडलेलं भोक साहेबांनी वर्षभर मुद्दाम बुजवू दिलं नव्हतं.

ऑन्टारियोकर

मस्त धागा! टूलरूमकाकांशी धातूच्या बाबतीत वाद घालायची माझी छाती नाही. लाकडाच्या बाजूनं चार गोष्टी सांगतो. इथे आमच्या टर्निंग क्लबात नवीन माणूस आला की पहिला शनिवार त्याला लेथला हातच लावू देत नाहीत, ग्राइंडरसमोर उभा करतात.

वाटीवेडादादा, आधी एक धास्ती. तुमच्या दोन गाऊजपैकी एक रुंद, पन्हळीसारखी, सरळ तोंडाची आहे का? आणि तिची मुठीत जाणारी शेपटी पातळ, चपटी आहे का? ती रफिंग गाऊज. चौकोनी लांबट लाकूड गोल करायला असते. वाटीत घालायची नाही. वाटीचा दणका बसला तर ती शेपटीपाशी मोडते आणि उरलेला तुकडा कुठे जाईल ते त्याच्या मनावर.

आता धार. एक जाडा काळा मार्कर घ्या आणि गाऊजचा पूर्ण उतार (धारेपासून मागच्या टाचेपर्यंतचा घासलेला भाग) काळा करा. ग्राइंडर बंद ठेवून गाऊज दगडावर टेकवा, दगड हातानं थोडा फिरवा, गाऊज उचलून बघा. काळा रंग फक्त धारेजवळ गेला तर कोन जास्त उभा झाला. फक्त खाली टाचेजवळ गेला तर कोन फार आडवा. टाचेपासून धारेपर्यंत सलग पट्टा पुसला गेला की जुना कोन सापडला. मगच बटण दाबा. टेकवताना टाच आधी, मग हळूच मूठ उचलत धारेकडे. धारेवरून वरच्या बाजूला बारीक ठिणग्या सांडायला लागल्या की पोचलात. थांबायचं. नवशिका इथेच 'अजून थोडं' करतो आणि १८ मिलिमीटर जातात.

लागली की नाही ते दिव्याखाली बघा. धारेकडे सरळ रोखून पाहताना पांढरी रेघ चमकली तर ती बोथट आहे. खरी धार दिसतच नाही.

आणि गाऊजसाठी जिग, म्हणजे हत्यार ठरावीक कोनात धरून ठेवणारा साचा, घ्या किंवा बनवा. हत्यार जिगच्या पुढे किती आलंय, जिगचा पाय कुठल्या कोनात आहे आणि खालचा खोबणीचा दांडा दगडापासून किती लांब आहे, ही तीन मापं दर वेळी तीच असली की आकार तोच येतो. मी एका लाकडी ठोकळ्यात दोन इंच खोल भोक पाडून ठेवलंय. गाऊज त्यात बुडाला टेकवायची आणि जिग आवळायचा. पट्टी शोधायला नको.

टूलरूमवाला

जिगला माझा विरोध आहे. जिगनं हात शिकत नाही. आमच्या वस्तादांनी लेथचं टूल हातावरच घासायला शिकवलं, गेज लावून तपासायचे आणि चुकलं की टूल नव्हे, आमचा कान धरायचे.

ऑन्टारियोकर

काका, तुमच्या टूलला सपाट अंगं होती. बाउल गाऊजला (वाटी कातायच्या गाऊजला) एकाच वेळी गोल फिरवायचं, डावी-उजवीकडे झुलवायचं आणि मूठ वरखाली करायची असते. वस्ताद शेजारी नाही, कान धरणारं कुणी नाही. पुण्याच्या बाल्कनीत एकट्या माणसानं हे हातावर शिकायचं म्हणजे दोन गाऊजचा बळी.

टूलरूमवाला

झुलवण्याचं मान्य. गाऊजला जिग घ्या. स्क्यू, पार्टिंग आणि स्क्रेपर मात्र सपाट टूलरेस्टवर हातानंच, तिथे जिगचे लाड नकोत. रफिंग गाऊज ४५ अंश, बाउल गाऊज ५५ च्या आसपास, स्क्यूच्या दोन्ही उतारांचा मिळून ३० ते ३५, स्क्रेपर ७५. पत्र्याचे तुकडे या कोनांत कापून गेज करून ठेवा. एक-दोन अंश इकडेतिकडे झाल्यानं वाटीला काही कळत नाही. दर वेळी वेगळा कोन आला की मात्र हाताला कळतं.

सावंतवाडीची_सून

धागा वाचून सासऱ्यांची आठवण आली. आमच्याकडे लाकडी खेळणी आणि फळं करायचे. मी रंगकामातली, कातायला सासरे बसायचे. त्यांचं एक वाक्य घरात म्हणीसारखं झालंय: "जोर लावचो लागलो काय धार गेली म्हणान समज." भाजी चिरताना विळीवर जोर पडला तरी आम्ही हेच म्हणतो.

त्यांच्याकडे ग्राइंडर होता पण रोजची धार दगडावरच. ओला दगड मांडीशी, दोन फळं कातली की चार हात घासायचे. धार 'जायची' वाट बघत नसत. तुम्ही लोक हत्यार पार बोथट होईपर्यंत ओढता असं वाटतं.

दुसरं म्हणजे मऊ लाकडाला जास्त तीक्ष्ण धार लागते, कमी नाही. आमचं पूर्वीचं काम पांगाऱ्यावर. पांगारा हलका, मऊ. बोथट हत्यार लागलं की कापला जात नाही, दबतो आणि उपटतो. बाभूळ किंवा शिसव एक वेळ माफ करते. आणि उपटलेल्या लाकडावर लाख चढवली की लपत नाही, उलट डोळ्यांत भरते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घासून ती वितळते आणि वरून केवड्याच्या पानानं झिलई काढतात. खाली खड्डा असेल तर लाख तिथेच डाग धरते. रंगकाम करणारी बाई म्हणून सांगते, कातणाऱ्याची धार मला पहिल्या पट्ट्यात कळायची.

आणि ओढणी, बांगड्या, लोंबत्या बाह्या, हातमोजे: लेथजवळ काहीही नको.

शंकासूर

ताई, जुन्या कानशीपासून हत्यारं बनवायचे ना पूर्वी? घरात तीन-चार पडल्यात.

टूलरूमवाला

बनवायचे, पण कानस तशीच मूठ लावून वापरायची नाही. कानस काचेसारखी कडक आणि ठिसूळ असते, दणका बसला की मोडून उडते. लोहाराकडून नीट टेम्पर करून घेतली आणि दात घासून काढले तर गोष्ट वेगळी. नवशिक्यानं ओव्हनमध्ये घालून घरगुती प्रयोग करू नयेत. वहिनीसाहेबांनी रागावू नये म्हणूनही.

तिरपागडा

एवढा उपद्व्याप कशाला? कार्बाइडच्या पात्याचं हत्यार घ्या. गोल चकती असते, बोथट झाली की स्क्रू सैल करून थोडी फिरवायची, पुढे चालू. दोन वर्षांत ग्राइंडर लागलेला नाही.

ऑन्टारियोकर

सुरुवातीला वाईट पर्याय नाही, विशेषतः सागवानाला. सागात नैसर्गिक सिलिका असते, साध्या धारेचा पार बट्ट्याबोळ करते, कार्बाइड टिकतं. पण चकती सपाट धरून चालवली की ती खरवडते. नीट कापत जाणाऱ्या गाऊजचा पृष्ठभाग आंब्यासारख्या लाकडावर तिला क्वचितच जमतो. मग ८० च्या पॉलिश पेपरनं तासभर घासत बसा.

तिरपागडा

घासतो की. रेडिओ लावून. :)

वाटीवेडा

दोन आठवड्यांनी हजेरी. बरंच घडलं.

रफिंग गाऊजचं खरं निघालं. मी तीच वाटीत घालत होतो! मूठ काढून पाहिली, आत शेपटी पेन्सिलीएवढी. ती आता फक्त लाटण्यांसाठी.

पांढरा दगड घेतला. दुकानात टण्ण करून पाहिला, दुकानदार आधी हसला, मग म्हणाला, "कंपनीत होता का?" सूनताईंच्या सासऱ्यांची आणि काकांच्या वस्तादांची पुण्याई.

जिग स्वतः प्लायवूड आणि बोल्टांचा केला. पहिले दोन दिवस ग्राइंडर बंद ठेवून नुसता मार्कर पुसत बसलो. गंमत म्हणजे शिकलो ते याच दोन दिवसांत. मूठ डावीकडे नेताना मी नकळत खाली दाबत होतो, ते रंगावरून दिसलं. चोचीचं मूळ तिथे होतं: कडांवर जोर, मधे घाई. तिसऱ्या दिवशी बटण दाबलं. मोजून सहा सेकंद. वरून ठिणग्या सांडल्या, थांबलो, आणि हात आपोआप 'अजून थोडं' म्हणत पुढे निघाला होता, तो मागे घेतला.

आंब्याच्या त्याच ओंडक्यावर लावली. आवाजच बदलला हो! आधी खरखर होती, आता सर्रऽऽ अशी एक सलग ओढ. मुठीला दोन बोटांचा आधार पुरला. आता धार किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघतोय, आंब्यात साधारण दहा-बारा मिनिटांनी हाताला फरक लागतो.

एक अपघातही. ग्राइंडर लेथच्याच टेबलावर होता. संध्याकाळी दिवे बंद करताना वास आला. बघतो तर खालच्या भुशाच्या ढिगात रुपयाएवढा लाल ठिपका धुमसतोय. ठिणगी पडून अर्धा तास झाला असेल. पाणी ओतलं, ग्राइंडर दुसऱ्या कोपऱ्यात हलवला, आता आधी झाडू, मग धार.

शंका अशी की वाटीच्या बाहेरून आता छान येतंय, आतून त्याच दोन जागी अजून थोडं उपटतं. परत धार लावू?

ऑन्टारियोकर

आतून कुठल्या दिशेनं कापता? तळापासून काठाकडे येत असाल तर कितीही धार लावा, उपटणारच. बाहेरून बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे. तंतूंना मागून आधार मिळतो. शेवटचा हात धार ताजी करून, अगदी हलका, घाई न करता.

टूलरूमवाला

आणि भुशाची गोष्ट सांगितलीत ते बरं केलंत. माझा ग्राइंडर अजून लेथशेजारीच आहे. उद्या हलवतो.

वाटीवेडा

तळापासून काठाकडेच येत होतो! उलट करून पाहिलं, आतून काचेसारखी आली. इतकी मजा आली की 'शेवटचा हलका हात' पाच वेळा घेतला. पाचव्या वेळी बुडातून उजेड दिसला. रुपयाएवढं भोक.

शंकासूर

अभिनंदन, चाळणी झाली. मी उद्या ग्राइंडर आणतोय.

सावंतवाडीची_सून

फेकू नका हो. भोक नीट गोल करून घ्या, त्यात दुसऱ्या लाकडाचा गट्टू बसवा आणि माझ्याकडे पाठवा. सांध्यावर लाखेचं कडं चढवून देते, मुद्दाम केल्यासारखं दिसेल. गट्टू मात्र ताज्या धारेनं काता, मी बघणार आहे.

वाटीवेडा

ताई, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा. गट्टू शिवणीचा चालेल ना?